काळीपिवळी आणि विमान

गोंदियाहून आमगावला जाणाऱ्या काळीपिवळीत तुम्ही कधी ना कधी बसलाच असाल. "चला, दोनच सीट बाकी!" असं ओरडत ड्रायव्हरकाका आणखी पाच जणांना कोंबतात. आमगाव आलं की चहासुद्धा न घेता परतीच्या सवाऱ्या गोळा करायला लागतात. गाडी उभी राहिली की कमाई थांबते, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही ना!

स्वस्त तिकिटं विकणाऱ्या विमान कंपन्या कशा तगतात, हे कोडं मला या काळीपिवळीमुळेच सुटलं. त्यांचं विमान उतरलं की अर्ध्याएक तासात पुन्हा उडतं. दिवसभरात जितक्या जास्त फेऱ्या, तितका एकेका फेरीवरचा खर्च कमी. इंडिगोनं २००६ साली सुरुवात केली ती फक्त एअरबस ए-३२० विमानांवर. एकाच जातीचं विमान असलं की सुटे भाग तेच, मेकॅनिकचं शिक्षण तेच, पायलटही कुठल्याही विमानावर चालतो.

आणि सगळ्याच सीट स्वस्त नसतात, बरं का! आधी घेणाऱ्याला कमी भाव, आयत्या वेळी धावत येणाऱ्याला चढा. वर खाणं, खिडकीची जागा, जास्तीचं सामान, यांचे पैसे वेगळे. एकदा नागपूरहून पुण्याला आत्याकडे निघालो होतो. आईनं घरचा तांदूळ दिलेला. बॅग भरली २० किलो, मुभा १५ ची. तिकिटावर लिहिलेलं मी वाचलंच नव्हतं. पाच किलोंचे जे पैसे मोजले, त्यात पुण्यात त्याहून जास्त तांदूळ आला असता! आत्या अजून हसते.

आपल्या बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली, इंग्रजांनी बांधलेली. तिथून प्रवासी विमान उडालं ते १३ मार्च २०२२ ला. फ्लायबिग कंपनीचं, इंदूर-गोंदिया-हैदराबाद. सरकारच्या 'उडान' योजनेत काही सीट ठरलेल्या कमी भावात विकायच्या आणि तूट सरकारनं भरून द्यायची, असं असतं. तरी काही महिन्यांतच ती सेवा बंद पडली. मग १ डिसेंबर २०२३ ला इंडिगोचं हैदराबादचं विमान सुरू झालं. पंख्याचं, ७८ सीटचं. लहान विमानाला इंधन कमी लागतं, पण खर्च वाटून घ्यायला माणसंही कमीच.

जानेवारी २०२४ मध्ये मी त्यातून गेलो. बसल्या बसल्या मान वळवून रिकाम्या सीट मोजल्या. एकोणीस! काळीपिवळी असती तर काका अजून निघालेच नसते. पण दार बंद झालं आणि विमान वेळेवर सुटलं.