उंट, घोडा आणि योग्य कोपरा

वजीर किंवा हत्ती हाताशी असला की मात जोरावर देता येते. उंट आणि घोडा एवढेच उरले, की जोर संपतो आणि समज कामाला लागते. म्हणूनच मुलांना शिकवताना मी या शेवटात सर्वांत जास्त रमतो.

दोन उंट एकट्या राजाला तसे सहज कोंडतात. दोन घोड्यांना मात्र सक्तीनं मात देताच येत नाही. उंट-घोड्याची जोडी या दोन्हींच्या मधली. मोहरा लगेच मारला जाणार नसेल, तर अचूक खेळून जास्तीत जास्त ३३ चालींत मात होते. पण ती उंटाच्या रंगाच्या कोपऱ्यातच. बचाव करणारा हे जाणून नेमका दुसऱ्या रंगाचा कोपरा धरतो. तिथून त्याला कडेकडेनं न्यायचं, तेही ५० चालींच्या नियमात.

त्याची रीत फिलिदोरनं १७४९मध्येच दाखवली. काळ्या राजाला एच८कडून ए८कडे ढकलताना पांढरा घोडा एफ७, ई५, डी७, सी५, बी७ असा चालतो. यातलं ई५ मुलांना पटत नाही. राजा डी८वर येतो, मग कड सोडून सी७वर, जणू सुटलाच! अशा वेळी हात शह द्यायला शिवशिवतात. पण पांढरा राजा ई६वर, घोडा डी७वर, उंट डी३वर अशा तीन शांत चाली झाल्या की राजाला परतावंच लागतं. यात शह एकही नाही. फक्त घरं काढून घेतली जातात.

हे थोरामोठ्यांनाही अवघड जातं. २०१३मध्ये जिनिव्हाच्या महिला ग्रां प्रीत तेव्हाची जगज्जेती ॲना उशेनिना हाच शेवट ओल्गा गिर्याविरुद्ध जिंकू शकली नाही. ५० चाली उलटल्या आणि डाव बरोबरीत सुटला.

शेवटच्या टप्प्यात उंटाचं मोल कळतं. घोडा दर चालीला घराचा रंग बदलतो, त्यामुळे त्याला एखादी चाल वाया घालवता येत नाही. उंट मात्र आपल्याच तिरक्या रेषेवर एक घर सरकून खेळी समोरच्यावर टाकतो.

प्रत्यक्ष डावात हे क्वचितच येतं, मग वेळ का घालवायचा, असं काही प्रशिक्षक विचारतात. माझं उत्तर असं, की इथे राजा, उंट आणि घोडा यांना एकमेकांची उणीव भरून काढावीच लागते. ते ज्याला जमलं, तो मध्यडावातही घोडा हलवण्याआधी उंटाकडे कोणती घरं आहेत ते पाहतो.