टीप कोणाला, चार्ज कोणाला?

"अरे सर्व्हिस चार्ज लावलाय ना, मग टीप कशाला?" बिल आलं की टेबलावर कोणीतरी हे म्हणतंच. आणि गोची नेमकी इथेच आहे.

सर्व्हिस चार्ज म्हणजे टीप नव्हे राव. आणि सरकारी करही नव्हे (जीएसटीच्या शेजारी ऐटीत बसलेला असतो, म्हणून बऱ्याच जणांना तसं वाटतं). मालकाने स्वतःच लावलेला आकार तो, आणि जातो मालकाच्याच खात्यात. ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं की हा आपोआप बिलात घालायचा नाही, नाव बदलूनही नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचं म्हणणं उचलून धरलं. संघटनांचा एक मुद्दा असा, की हा पैसा सगळ्या स्टाफमध्ये वाटला जातो, अगदी आत भांडी घासणाऱ्यापर्यंत.

मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. टीप मिळते समोर दिसणाऱ्याला. तंदूरपाशी भाजून निघणाऱ्याला कोण देतंय? पण मग सरळ पगार वाढवा ना! तीनशेचा पनीर टिक्का तीनशे तीस करा, मेनूकार्डात छापा. परवडला तर खाऊ, नाहीतर मिसळ आहेच.

अमेरिकेत तर कमालच. ऑनसाइटला गेलेला प्रत्येक जण 'वीस टक्के टीप द्यावी लागते रे' म्हणून रडतो. का द्यावी लागते? तर तिथल्या केंद्रीय कायद्यात, टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं किमान वेतन आहे तासाला २.१३ डॉलर. १९९१ पासून तेवढंच! टीप धरून ७.२५ होत नसतील तर फरक मालकाने भरायचा. म्हणजे तोवरची टीप हे वेटरचं बक्षीस नाहीच, मालकाची बचत आहे. कॅलिफोर्नियात ही सवलत नाही, वेटरलाही पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. तिथली हॉटेलं काही बंद पडली नाहीत.

आपल्याकडे त्यात यूपीआय आलं. पूर्वी बडीशेपेच्या ताटलीत सुट्टे परत यायचे, त्यातले वीस-तीस तिथेच राहायचे. आता ८४७ म्हणजे ८४७, स्कॅन केले की थेट मालकाकडे. वर आपण हक्काने सर्व्हिस चार्ज काढायला लावतो आणि विजयी मुद्रेने बाहेर पडतो. चार तास उभं राहून आपल्या पार्टीच्या प्लेटा उचलणाऱ्या पोराच्या हातात शून्य. आणि कोर्टातल्या या सगळ्या भांडणात एका बाजूला प्राधिकरण, दुसऱ्या बाजूला मालकांच्या संघटना. त्या पोराचा पगार किती, हा प्रश्न तिथे नव्हताच.

तो सुटेपर्यंत माझं धोरण सोपं आहे. चार्ज काढायला सांगायचा आणि तेवढेच पैसे रोख, वेटरच्या हातात द्यायचे, काउंटरवर नाही. अडचण एकच. एटीएममधून पाचशेच्याच नोटा येतात, आणि पन्नासच्या मागितल्या की वाणी असा बघतो, जणू त्याची किडनीच मागितली!