जवसाच्या तेलातला समुद्र

माझ्या लहानपणी धुळ्यात समुद्र फोटो स्टुडिओत असायचा. भिंतीएवढ्या कापडी पडद्यावर माडांची रांग, दूरवर शिडाची होडी, आणि त्यापुढे अवघडून उभं राहिलेलं नवं जोडपं. आई-वडिलांचा तसा एक फोटो आमच्या घरी आहे. कृष्णधवल असल्यामुळे त्यातल्या लाटा राखाडी आल्या आहेत. माझी आजी शिंदखेड्याकडची. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं हंडा भरलेली. फोटो हातात घेतला की मुलगा-सून राहायचे बाजूला, तिची नजर मागच्या पडद्यावर जायची. "माय वं, इतलं पानी!" ती म्हणायची. ते पाणी खरं की रंगवलेलं, असा प्रश्न तिला कधी पडला नाही. वास्तववादी चित्रकार जन्मभर ज्या बघणाऱ्याची वाट पाहतो, ती बघणारी आमच्या घरात होती.

शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची तयारी करून घेणारे आमचे सर घरी तैलरंगात काम करत. त्यांच्या खोलीत टर्पेंटाइन आणि जवसाच्या तेलाचा वास भरलेला असे. जवस आम्हाला ओळखीचं ते चटणीमुळे आणि रब्बीच्या शेतातल्या निळ्या फुलांमुळे. सरांनी सांगितलं की रंगाची पूड ज्या तेलात घोटतात ते हेच. पाण्यासारखं ते उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेत सावकाश घट्ट होतं. म्हणून तैलरंगात चित्रकाराला सवड मिळते. आज लावलेलं आभाळ उद्याही ओलं असतं आणि त्याची कड पाण्यात हलकेच मिसळता येते. कॅनव्हासचीही गोष्ट अशीच. व्हेनिसच्या दमट हवेत भिंतीवरची चित्रं टिकेनात, तेव्हा तिथल्या चित्रकारांनी बंदरात मुबलक मिळणारं शिडाचं कापड चौकटीवर ताणलं. आपल्याकडे ते कापड बहुधा सुती असतं. कापूस आणि जवस, दोन्ही आमच्या काळ्या मातीतली पिकं. समुद्राच्या चित्राला लागणारं निम्मं सामान खानदेशात पिकतं हे कळलं, त्या दिवसापासून ती कला मला परकी वाटली नाही.

पुढे कॉलेजच्या सहलीत अजिंठा पाहिला. जळगावहून तो साठेक किलोमीटरवर आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर एक गलबत आहे. तीन डोलकाठ्या, रचून ठेवलेले रांजण, भोवती जलचर. चित्रातली कथा पूर्णाची मानतात. तो शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी. बुद्धाचा शिष्य झालेला. त्याचा भाऊ चंदन आणायला समुद्रावर जातो, गलबत संकटात सापडतं आणि पूर्ण त्याला वाचवतो. पाचव्या शतकाच्या अखेरीस, किनाऱ्यापासून इतक्या आत, वाघूर नदीच्या कड्यात बसून कुणीतरी कोकणकिनाऱ्याची ही गोष्ट रंगवली. त्या चितारानं बंदर पाहिलं असेल, किंवा घाट चढून आलेल्या व्यापाऱ्यांकडून ऐकलं असेल. रांजण मात्र त्यानं एकेक करून नीट मांडले आहेत. मालाची जोखीम ज्याला ठाऊक, त्याचा तो हात आहे.

याच अजिंठ्यानं आमच्या भागात तैलरंगही आणले. १८४४ मध्ये मद्रासच्या लष्करातला अधिकारी रॉबर्ट गिल लेण्यांतली चित्रं उतरवण्याच्या कामावर नेमला गेला. अंधारात, वटवाघळांच्या सोबतीनं, अनेक वर्षं तो मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात प्रतिकृती करत राहिला. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत बहुतेक जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. १८७२ पासून जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा करू लागले. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते, पुढे तैलरंगातल्या व्यक्तिचित्रांसाठी नावाजलेले. या प्रतिकृतींपैकीही पुष्कळ १८८५ मध्ये लागलेल्या दुसऱ्या एका आगीत गेल्या. भुसावळच्या त्या कबरीपाशी मी मुद्दाम गेले आहे. ज्यानं आपल्या मुलखातली भिंत इतक्या निष्ठेनं पाहिली, त्याचं आपल्यावर ऋण आहे असं मी मनापासून मानते.

खरा समुद्र पाहिला तो नोकरी लागल्यावर, वेंगुर्ल्याजवळ. पुळणीवर एक वयस्क चित्रकार छोट्या बोर्डावर तैलरंगात काम करत होते. मी मागे उभी राहिले, त्यांनी राहू दिलं. आधी त्यांनी क्षितिजाची रेघ ठरवली, मग आभाळ, शेवटी पाणी. निळा रंग त्यांनी फारच थोडा घेतला. काठाजवळ गढूळ तपकिरी, पुढे शेवाळी, त्यापलीकडे शिशासारखा करडा; आणि ओहोटीनं ओली राहिलेली वाळू आभाळाच्याच रंगाची. जांभ्याच्या बांधाला त्यांनी सावलीत जांभळा लावला. सूर्य वर आला तसे ते थांबले. "उजेड बदलला, आता हे दुसरं चित्र झालं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच जागी ते पुन्हा बसलेले दिसले.

मालवणी मुलखाशी नातं सांगणाऱ्या प्रल्हाद धोंडांनी समुद्र जलरंगात बांधला; पाणी पाण्यानंच रंगवलं. तैलरंगाचा मार्ग वेगळा, थरावर थर चढवण्याचा. दोन्हीकडे अट एकच: त्या किनाऱ्याजवळ राहायचं, त्याच्या सगळ्या ऋतूंत पाहायचं. कोकणाला असं पाहणारे मिळाले, म्हणून तो न पाहिलेल्यांनाही ठाऊक झाला.

आता मी जळगावात मुलांना चित्रकला शिकवते. देखावा काढा म्हटलं की पोरं दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, माड आणि निळं पाणी काढतात. मी त्यांना मेहरूण तलावावर नेते, वैशाखात गिरणेच्या पात्रात नेते. केळीच्या बागेत पानातून झिरपलेला उजेड खालच्या मातीवर कोणत्या रंगाचा पडतो ते विचारते. नांगरलेली काळी जमीन खरंच काळी आहे का, नीट बघा म्हणते. सकाळी ती निळसर असते, दुपारी राखी, पहिल्या पावसानंतर तपकिरी काळी. पांझरा आणि गिरणा तापीला मिळतात, तापी सुरतेपाशी समुद्राला. तेव्हा आमच्या शेतातून वाहिलेलं पाणी कुठल्या तरी सागरचित्रात असणारच. पण त्याआधी ते आमच्या चित्रात यायला हवं. वेंगुर्ल्याच्या त्या चित्रकारानं पुळणीला जेवढा वेळ दिला, तेवढा वेळ गिरणेच्या कोरड्या वाळूला देणारा एखादा मुलगा, एखादी मुलगी या वर्गातून निघावी, यासाठी मी शिकवते. तेल आणि कापड आमच्या शिवारात आहेच.