लेंडीत वाचलेलं जंगल

ताडोब्याला येणारा माणूस वाघ शोधत येतो. चितळांचा कळप दिसला तर जिप्सी जरा मंदावते आणि पुढे जाते. मला चितळांचा लळा लागला तो मान खाली घालून चालायला लागल्यावर, व्याघ्रगणनेच्या दिवसांत वनरक्षकांबरोबर हिंडताना.

ही गणना नावाला वाघाची. तिच्यातली बरीच पायपीट हरणांसाठी असते. दर चार वर्षांनी, भल्या सकाळी दोन किलोमीटरची सरळ रेषा चालायची आणि दिसेल ते चितळ, सांबर, भेकर टिपायचं. परतताना दर 400 मीटरला थांबून 2 मीटर रुंद, 20 मीटर लांब पट्ट्यातल्या लेंड्या मोजायच्या. सागाचं वाळकं पान अलगद उचललं की खाली सापडतात. चितळाची बारीक, एका टोकाला निमुळती. सांबराची मोठी, जाडसर. ताजी असेल तर काळपट हिरवी, बुळबुळीत थराने चकाकणारी.

तो चकाकता थर अभ्यासकांना सोन्यासारखा. त्यात आतड्याच्या पेशी असतात आणि त्यांतून जनावराचा डीएनए मिळतो. लेंडीत उतरलेल्या संप्रेरकांच्या अंशांवरून त्याच्यावरचा ताण जोखता येतो. मिठाच्या दाट पाण्यात लेंडी कालवून ठेवली, की पोटातल्या कृमींची हलकी अंडी तरंगत वर येतात आणि वर टेकवलेल्या काचेला चिकटतात. एवढं सगळं हरणाला हातही न लावता! पकडताना नुसत्या धडपडीने त्याचे स्नायू निकामी होतात, कधी जीवही जातो. म्हणून मला ही पद्धत फार मायेची वाटते.

हरणाचं आरोग्य गावाच्या गोठ्याशीही बांधलेलं आहे. बुळकांडीच्या साथीने एकेकाळी गुरांबरोबर गवे आणि हरणंही मारली. भारत 2006 मध्ये तिच्यातून मुक्त झाला, जग 2011 मध्ये. लाळ्या-खुरकूत मात्र अजून आहे. जंगलालगतच्या गाईला टोचलेली लस पलीकडच्या चितळालाही राखते.

ताडोब्यात जामणी गाव उठलं आणि शेतांच्या जागी गवत माजलं. तिथे आता चितळ निवांत चरतात. ते बघून जीव सुखावतो. पण त्या शेतांची बांधबंदिस्ती कुणाच्या आजोबांनी केली असेल, हेही मनात येतंच.

वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत शिरलं की झाडोरा तसाच, सागाचा नि बांबूचा, कुठे जास्तच दाट. लेंड्यांचे पट्टे मात्र एकामागून एक रिकामे. पान उचलावं तर खाली नुसती माती. शिकारीने, फाशांनी, शेताकडेला सोडलेल्या विजेच्या तारांनी ही राने ओस केली आहेत. आणि नदीपलीकडचे, ब्रह्मपुरीकडचे वाघ इथल्या वडशाच्या जंगलात येऊन राहिले आहेत. एका वाघाला वर्षाला हरणाएवढी पन्नासेक जनावरं लागतात. ती रानात नसली की तो गुरांकडे वळतो, आणि त्याच रानात पहाटे मोह वेचायला बायाही गेलेल्या असतात. गडचिरोलीत वाघाच्या हल्ल्यांत होणाऱ्या माणसांच्या मृत्यूंची चर्चा वाघापाशी सुरू होते आणि वाघापाशीच संपते. रिकाम्या पट्ट्यांविषयी कुणी बोलत नाही, याचा मला राग येतो.

चितळाच्या मादीला सात-आठ महिन्यांच्या गाभणपणानंतर बहुधा एकच पाडस होतं. आज सगळे फासे उचलले, गवत राखलं, तरी कळप उभे राहायला वर्षं लागतील. वाघ मात्र येऊन पोचला आहे.