माझा पहिला ट्रेक : एकटीने पाहिलेले कळसूबाई

'माझा अविस्मरणीय प्रवास' हा निबंध तुम्ही दरवर्षी लिहिता. या वेळी तो मी लिहिते आहे.

"महाराष्ट्रातील सर्वात उंच शिखर कोणते?" उत्तर : कळसूबाई. "उंची किती?" उत्तर : १६४६ मीटर. हे प्रश्नोत्तर मी दहा वर्षे वर्गात घेत आले आहे. मागच्या वर्षी चौथीच्या वर्गात एका मुलीने सरळ विचारले, "मॅडम, तुम्ही गेलाव का कधी तिथं?"

मी म्हणाले, "नाही गं." वर्ग हसला, मीही हसले. पण तो प्रश्न काही मनातून जाईना.

खरं सांगायचं तर मी डोंगर चढलेच नव्हते. माझे माहेर लातूर, सासर आणि नोकरी नांदेड. आमच्याकडचे औसा, उदगीर, कंधार हे किल्ले भुईकोट. रिक्षा थेट दारापर्यंत जाते. माहूरला रेणुकामातेच्या पायऱ्या चढले होते, तेवढीच काय ती चढाई. आणि एकटीने प्रवास? कायम कुणीतरी सोबत. तिकीट भाऊ काढणार, पत्ता नवरा विचारणार, मी पिशवी धरून मागे उभी.

दिवाळीच्या सुट्टीत जायचे ठरवले. सासूबाई म्हणाल्या, "काय करायलीस बाई तिथं एकटी जाऊन? देवी तर माहूरलाबी आहे की!" शेवटी दर दोन तासांनी फोन करायचा, या अटीवर परवानगी मिळाली.

रात्रीच्या रेल्वेने निघाले. नाशिकरोडला उतरले तेव्हा अजून अंधारच होता. पहिल्यांदाच स्वतः चौकशीच्या खिडकीशी गेले. घोटीची बस कुठे लागते, तिथून बारीला जीप मिळते का, परतीची शेवटची गाडी किती वाजता... रोज चाळीस मुलांपुढे बोलणारी मी, पण एवढे विचारताना माझा घसा कोरडा पडला. आपण उत्तरे द्यायला शिकलो, विचारायला शिकलोच नाही, हे तिथे लक्षात आले.

बारी हे अकोले तालुक्यातले पायथ्याचे गाव. तिथून चढायला सुरुवात केली. आधी भाताची खाचरे, मग पायऱ्या, मग खडकाळ वाट. अर्ध्या तासातच धाप लागली. बूट नवे आणि तळ गुळगुळीत, पाठीवर नको तेवढे सामान आणि पाणी मात्र एकच बाटली! तयारीच्या नावाने सगळा आनंद.

पुढे लोखंडी शिडी आली. कळसूबाईच्या वाटेवर कड्याला लावलेल्या अशा शिड्या आहेत. सात-आठ पायऱ्या चढले आणि चुकून खाली पाहिले. हातपाय थरथरायला लागले. कशीबशी उतरून खडकावर बसले. डोळ्यांत पाणीच आले.

तेव्हा मनात एक विचार आला. तो सांगायला लाज वाटते, तरी सांगते. मी एकटीच आले होते. इथूनच परत फिरले आणि वर्गात "जाऊन आले" म्हटले तर कुणाला कळणार? खालून काढलेला एखादा फोटो दाखवला की झाले.

तेवढ्यात डोक्यावर ओझे घेतलेल्या एक मावशी खालून आल्या. वर सरबत विकायला निघाल्या होत्या. पायात साधी चप्पल. त्या पुढे निघून जाणार, तोच मी म्हणाले, "मावशी, मला भीती वाटतेय. मला वर न्याल का?"

आयुष्यात इतक्या सरळ शब्दांत मी कुणाकडे मदत मागितली नव्हती. त्यांनी ओझे खाली ठेवले. "तू पुढं हो, मी मागं हाये. खाली बघू नको. हाताकडं बघ." बस, एवढेच. एक हात, एक पाय, पुन्हा एक हात. शिडी संपली तेव्हा कळले की भीती गेली नव्हती, पण तिच्यासकट चढता येत होते.

साडेतीन तासांनी माथ्यावर पोहोचले. वर कळसूबाईचे छोटेसे मंदिर, आणि वारा असा की ओढणी सांभाळता येईना. एका बाजूला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले, दुसऱ्या बाजूला भंडारदरा धरणाचे पाणी. मावशी म्हणाल्या, "ती बघ, प्रवरा." आणि मला एकदम नकाशा आठवला. ही प्रवरा पुढे प्रवरासंगमला गोदावरीला मिळते, आणि तीच गोदावरी पैठणवरून आमच्या नांदेडला येते. ज्या नदीच्या काठी मी राहते तिचे थोडे पाणी इथून येते, हे मी फळ्यावर कितीदा तरी काढले होते. पाहिले आज.

सुट्टीनंतर वर्गात सगळे सांगितले. शिडीखाली रडले तेही, आणि खोटे बोलावेसे वाटले तेही. मुले गप्प ऐकत होती. तासानंतर मागच्या बाकावरचा एक मुलगा टेबलाजवळ आला. हा वर्षभर तोंड उघडत नाही. हळूच म्हणाला, "मॅडम, मला हातच्याची वजाबाकी येत नाही. पुन्हा सांगता का?"

त्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही दोघे वजाबाकीच करत बसलो.

तुम्हाला जायचे असेल तर हिवाळ्यात जा. पावसाळ्यात खडक निसरडे होतात आणि धुके असते. पकड असलेले बूट घाला, दोन-तीन लिटर पाणी घ्या, पहाटे चढायला लागा, घरी सांगून जा आणि आपला कचरा खाली घेऊन या. आणि एकटे निघालात तरी विचारायला लाजू नका. एकट्याने जाणे म्हणजे कुणाशी न बोलणे नव्हे, हे मला त्या शिडीखाली कळले.