पेनड्राइव्ह फॉरमॅट मारण्याआधी

फलटणमध्ये पेनड्राइव्हला अजून बरंच काम आहे. उसाच्या हंगामात कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरवरची गाणी त्यातूनच वाजतात. झेरॉक्सच्या दुकानात सातबारा, आधार, मुलांचे दाखले त्यातूनच छापले जातात. घरचा संगणक लिनक्सवर चालणारा असेल, तर पेनड्राइव्ह फॉरमॅट करण्याचं काम टर्मिनल न उघडताही नीट होतं.

*

उबुंटूत 'डिस्क्स' नावाचं साधन बहुधा आधीपासूनच असतं. लिनक्स मिंटमध्ये फक्त पेनड्राइव्हसाठी वेगळं छोटं साधन मिळतं. 'डिस्क्स' उघडलं की डावीकडे यादी दिसते आणि तिच्यात संगणकाची स्वतःची डिस्कही असते. घाई करायची नाही ती इथे. पेनड्राइव्ह काढून पाहावा. यादीतून जे नाव गेलं, ते आपलं.

*

दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हमध्ये सगळे फोल्डर 'शॉर्टकट' झालेले दिसतात आणि लगेच सल्ला मिळतो, फॉरमॅट मारून टाका. थांबा. असं करणारा व्हायरस बहुतेकदा मूळ फायली पुसत नाही, विंडोजपासून लपवतो. लिनक्सला ते लपवणं लागू पडत नाही, त्यामुळे फायली समोर दिसतात. कधी बिननावाच्या एखाद्या फोल्डरात. आधी त्या उतरवून घ्याव्यात. कुणाच्या लग्नाचे फोटो केवळ घाईपायी जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

*

खरा प्रश्न फॉरमॅटच्या प्रकाराचा. पेनड्राइव्ह शेवटी कुठे लागणार, यावर तो ठरवावा.

ट्रॅक्टरवरचा किंवा भजनी मंडळाच्या स्पीकरमधला प्लेअर असेल, तर फॅट३२. जुनी यंत्रं बहुतेक तेवढंच ओळखतात. पण त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढे मावत नाही, कारण फाइलचा आकार लिहायला तिथे ३२ बिटांचीच जागा आहे. रथोत्सवाचं लांबलचक चित्रीकरण अडतं ते इथे. पेनड्राइव्ह अर्धा रिकामा असूनही. त्यासाठी एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली त्याचा तपशील खुला केला आणि २०२० मध्ये लिनक्सच्या ५.७ या आवृत्तीत त्याचा चांगला ड्रायव्हर आला, त्यामुळे आता लिनक्स आणि विंडोज दोन्हीकडे तो सहज चालतो.

एक्स्ट४ फक्त लिनक्ससाठी. असा पेनड्राइव्ह दुकानातल्या विंडोजला लावला, की 'फॉरमॅट करायचा का?' असा प्रश्न पडद्यावर येतो, आणि गर्दीत कुणीतरी 'हो' दाबतं.

*

फॅटच्या पेनड्राइव्हला नाव इंग्रजी अक्षरांत, अकरापर्यंत. आतल्या फायलींची नावं मात्र खुशाल मराठीत ठेवावीत. ती युनिकोडमध्येच साठतात.

*

साध्या फॉरमॅटने जुना मजकूर जात नाही, फक्त त्याची नोंद जाते. पेनड्राइव्ह दुसऱ्याला द्यायचा असेल आणि त्यात आधारची प्रत राहिली असेल, तर फॉरमॅट करताना पुसण्याचा पर्याय चालू करावा. तेव्हा सगळ्या जागेवर शून्यं लिहिली जातात. वेळ लागतो, लागू द्यावा.

*

लिनक्स बसवण्यासाठी वापरलेला पेनड्राइव्ह नंतर विंडोजवर एवढासाच दिसतो. तो बिघडलेला नसतो, त्याच्यावर वेगळी विभागणी बसलेली असते. नुसता एक विभाग फॉरमॅट करून भागत नाही. 'डिस्क्स'मधल्या वरच्या तीन ठिपक्यांच्या मेन्यूतून पूर्ण डिस्क फॉरमॅट करावी आणि मग रिकाम्या जागेत नवा विभाग आखावा. जुन्या यंत्रांसाठी विभागणी एमबीआर पद्धतीचीच ठेवावी.