उन्हातली अक्षरं

एलईडीच्या पाट्या बनवणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपात मी बरीच वर्षं काम करतो. बसच्या कपाळावरची पाटी, बँकेबाहेरचा बोर्ड, मंगल कार्यालयाचं नाव, असली कामं. गिऱ्हाईक कोणीही असो, त्याचं वाक्य ठरलेलं: "साहेब, ब्राइटनेस जरा जास्त ठेवा हं, उन्हात दिसलं पाहिजे." मागणी रास्तच आहे. पण उन्हाशी उजेडाने भांडून जिंकता येतं, असं त्यात धरून चाललेलं असतं... आणि खरी गंमत तिथेच आहे.

थोडा हिशोब करू. (घाबरू नका, सोपा आहे.) भर दुपारी उघड्यावर साधारण 1,00,000 लक्स उजेड पडतो. ऑफिसातल्या टेबलावर जेमतेम 500. त्या उन्हात साधा पांढरा कागद धरला तर तो 25 ते 30 हजार निट चमकतो. निट म्हणजे पृष्ठभागाची चमक मोजायचं माप. बाहेर लावायची एखादी चांगली पाटी धरा 5,000 निटची. म्हणजे आपली महागडी पाटी दोन पैशांच्या कागदापुढे फिकी!

मग ती दिसते कशी? तर काळ्यामुळे. पाटीचा काळा भाग अंगावर पडलेल्या उजेडातला 5 टक्के परत फेकत असेल, तर भर उन्हात तो 'काळा'सुद्धा सुमारे 1,600 निट चमकत असतो. पेटलेल्या ठिपक्याचे 5,000 आणि वर हेच 1,600. म्हणजे अक्षर पार्श्वभूमीच्या चौपट उजळ, बस्स. आता ब्राइटनेस दुप्पट करा. वीज जवळपास दुप्पट, उष्णताही तशीच वाढलेली, आणि तापलेला एलईडी मंदावतो. लाल आणि पिवळा तर जास्तच. एवढं करून प्रमाण जातं सातपटीवर. उलट, ब्राइटनेस आहे तोच ठेवून काळ्याची चमक निम्मी केली, तरी प्रमाण तेवढंच होतं. सातपट! आणि विजेचं बिल एका पैशाने वाढत नाही.

काळा अधिक काळा करायचा म्हणजे काय? फार काही नाही. चकचकीत रंगाऐवजी मॅट रंग. ठिपक्यांच्या प्रत्येक ओळीवर छोटासा छज्जा, म्हणजे वरून येणारं ऊन आत शिरत नाही. समोर काच असेल तर ती किंचित पुढे झुकलेली, म्हणजे तिच्यात आभाळाऐवजी रस्त्याचं प्रतिबिंब पडतं. आणि सगळ्यात स्वस्त उपाय: ओलं फडकं. आपल्याकडच्या धुळीने काळी पाटी बघता बघता राखाडी होते आणि सगळा हिशोब बिघडतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? सांगतो.

माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तीसेक वर्षं तिने पोरांना अक्षरओळख करून दिली. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका शहरात (नाव राहू दे) ती बसची वाट पाहत उभी होती. बस आली. उन्हात पाटी नुसती पांढुरकी. तिने कंडक्टरला विचारलं, "दादा, ही स्टेशनला जाते का?" तो म्हणाला, "आजी, वर पाटी लावलीय ना. वाचता येत नाही का?" घरी आल्यावर आईने हे हसत हसत सांगितलं. पण त्या दिवसात तीनदा सांगितलं.

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग गढुळतं, उजेड डोळ्यात आतल्या आत पसरतो. पंचविशीतल्या माणसाला चौपटीत जे वाचता येतं, ते सत्तरीत येईलच असं नाही. दोष पाटीचा असतो आणि कमीपणा येतो वाचणाऱ्याला.

जुन्या एस.टी.च्या रंगवलेल्या पाटीला ही भानगड नव्हती. रंग स्वतः काही प्रकाश देत नाही, तो उन्हाकडूनच उसना घेतो. ऊन वाढलं की अक्षरही उजळतं. अर्थात रात्री तिच्यावर बल्ब लावावाच लागायचा. एलईडीचं बरोबर उलटं. रात्र तिची, दिवस परका. म्हणून तर अंधार पडल्यावर तिचा ब्राइटनेस आपोआप उतरायलाही हवा. नाहीतर दिवसा न दिसणारी पाटी रात्री डोळे दिपवते.

बहुतेक पाट्या पसंत होतात त्या केबिनमध्ये, पंख्याखाली, चहा पिता पिता. तिथे काय, सगळ्याच छान दिसतात. मी हल्ली गिऱ्हाइकाला सांगतो, पाटी दुपारी बारा वाजता गच्चीवर न्या, ऊन थेट तोंडावर पडेल अशी ठेवा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला लांबून वाचायला सांगा. काही जण हसतात. काही जण खरंच नेतात, आणि मग ब्राइटनेसबद्दल न बोलता विचारतात, "तो छज्जा लावायला किती पडतील हो?"